जानेवारीतली छत्री

तमाम नागपूरकरांनो, एक अत्यंत गंभीर बाब आपल्या कानावर घालणं मी माझं कर्तव्य समजतो. सत्तरच्या दशकात, आपल्याच शहरातल्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या व्हरांड्यात, भर दिवसा, मुलं आणि मुली समोरासमोर उभी राहिली आणि त्यांनी एकाच रुमालाची दोन टोकं धरली. हे कृत्य प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी घडवून आणलं. मी तिथे होतो. साक्षीदार म्हणून नव्हे, सहआरोपी म्हणून.

सर ठेंगणे, गोल चेहऱ्याचे, आणि त्यांचा उजवा अंगठा बारा महिने पांढरा. फळ्यावर ओळ लिहायची, एक पाऊल मागे यायचं, मान तिरकी करून ती वाचायची, चुकलेलं अक्षर अंगठ्यानं पुसायचं आणि नीट लिहायचं, ही त्यांची रीत. "लिहिलं की तपासा, बाबू. लिहिणं सोपं आहे." चहाच्या टपरीवरसुद्धा पहिला घोट घेऊन ते एक पाऊल मागे यायचे. टपरीवाला विचारायचा, "काय चुकलं जी सर?" सर म्हणायचे, "आलं कमी."

एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर आधी तिला आपली सगळी माहिती उतरवून काढावी लागते. हे फळ्यावरून आमच्या डोक्यात शिरेना, म्हणून सरांनी आम्हालाच डीएनए केलं. दोन रांगा, प्रत्येकाच्या छातीवर टाचणीनं लावलेला कागद: ए, टी, जी किंवा सी. ए-समोर टीच हवा, जी-समोर सीच. खऱ्या डीएनएत या जोड्या नाजूक बंधांनी धरलेल्या असतात. पण मुलामुलींनी हात धरले असते तर संध्याकाळच्या आत पालक दारात आले असते. म्हणून रुमाल. ए-टीमध्ये दोन, जी-सीमध्ये तीन. त्या दिवशी कितीजणांना जी व्हायचं होतं, हे सुज्ञांना सांगायला नको.

मग रुमाल सुटले, रांगा दोन बाजूंना झाल्या आणि प्रत्येक जुन्या रांगेसमोर नवी रांग भरायला सुरुवात झाली. मी नवा सी होतो. माझी जागा एका जीसमोर, आणि हा जी म्हणजे सावनेरचा एक पैलवान गडी. त्याच्या शेजारी ए होती, आणि ती ए... जाऊ द्या. मी ए-समोर उभा राहिलो.

"थांबा!" सर गरजले. "तू इथं काहून गा?"

"गर्दीत चुकलो, सर."

"पेशीतही असंच होते. म्हणून नवं अक्षर लावणारा मागं वळून पाहते. काढा याले. बरोबरचा लावा. चला पुढं."

माझा कान धरून त्यांनी मला पैलवानाच्या हवाली केलं. तीन रुमालांसकट.

दुसऱ्या दिवशी आणखी पुढचा अंक. माहिती नीट उतरवली तरी ती नंतर बिघडते, आणि बिघडवणाऱ्यांत एक बडं नाव म्हणजे ऊन. उन्हातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटतात. सरांनी दोन टींना एकमेकांच्या गळ्यात हात घालायला लावले. झालं, त्यांचे समोरचे रुमाल सुटले, रांग तिथं फुगली, रांगेची नक्कल उतरवून घेणारा तिथं येऊन अडला. मग दुरुस्तीवाले आले. एकानं बिघाड हेरला, दुसऱ्यानं तेवढा तुकडा कापून बाहेर काढला, तिसऱ्यानं समोरच्या रांगेकडे पाहून नवे भिडू भरले, चौथ्यानं सांधा जोडला.

"हे तुमच्या अंगात आत्ता, या घटकेला चालू आहे," सर खुशीत म्हणाले. "तुम्ही मॅटिनीले गेले तरी चालू राहते."

तेवढ्यात मागून आवाज आला. "सर, आणि दुरुस्तीवाला आलाच नाही तं?"

ती वनिता होती, पारशिवनीकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी, वसतिगृहात राहणारी. चेहऱ्यावर आणि हातांवर दाट काळे ठिपके, कातडी सुकलेली, डोळे सतत मिचकावणारे. पोरं तिच्या जवळ बसत नसत. मीही बसत नसे.

सर तिच्याजवळ गेले, हातांवरचे ठिपके निरखले. मग हळूच म्हणाले, "मग पोरी, ऊनच येऊ द्यायचं नाही."

सरांनी तिला स्वतः डॉक्टरांकडे नेलं. सरांचा संशय खरा निघाला. ती कापून काढणारी यंत्रणा तिच्यात जन्मापासूनच अधू होती. आपल्या अंगात जे रोज निस्तरलं जातं, ते तिच्यात साठत होतं, आणि साठत गेलं तर त्याच ठिपक्यांतून एखाद्या दिवशी कर्करोग उगवणार होता. औषध नव्हतं. तिची माय गावाहून आली. सरांनी विचारलं, "उन्हात जाते का ही?"

"नाही जी! उन्हाळ्यात तं लय जपतो मी. दुपट्टा ओला करून देतो, खिशात कांदा देतो."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात काय होते जी? हिवाळ्यात तं मीच बसवतो तिले अंगणात. सकाळ-दुपार."

आता तुम्हीच सांगा, त्या माउलीला हसायचं कोणी? आपण सगळे तसेच. मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून अंधारात बसतो, आणि डिसेंबर उजाडला की सगळं नागपूर खुर्च्या घेऊन अंगणात. आमचे निम्मे प्राध्यापक जानेवारीत मैदानात वर्ग घ्यायचे. आपलं भांडण उकाड्याशी. उजेडाला कोण भितो?

सर भ्यायले. भर जानेवारीत काळी छत्री उघडून ते वनिताला वसतिगृहातून कॉलेजात आणू लागले. ज्या बाजूनं ऊन, त्या बाजूनं सर. रस्त्यातले रिक्षावाले ओरडायचे, "सर, पाणी येऊन राहिलं का?"

"येऊन राहिलं," सर म्हणायचे. "तुले दिसत नाही एवढंच."

खरी अडचण वर्गाची होती. आमची प्रयोगशाळा दक्षिणेकडे, मोठमोठ्या उघड्या खिडक्यांची. सरांनी प्राचार्यांकडे वाळ्याच्या ताट्या मागितल्या. प्राचार्य म्हणाले, "ताट्या एप्रिलमध्ये लागतात." सरांनी उत्तरेकडची अडगळीची खोली मागितली. प्राचार्य म्हणाले, "एका विद्यार्थिनीसाठी संपूर्ण विभाग हलवणे व्यवहार्य नाही. तिने घरी राहून अभ्यास करावा." घरी राहून बी.एस्सी. होत नाही, हे प्राचार्यांनाही ठाऊक होतं. घरी म्हणजे पारशिवनी, अंगण, आणि लग्न कोण करणार म्हणून आयुष्यभर शेतातलं निंदण. म्हणजे पुन्हा ऊनच.

सर भांडले नाहीत. "साहेब, निर्णय कळवायच्या आधी फक्त एकदा आमची रांग पाहा," एवढंच म्हणाले. प्राचार्य हेडक्लार्कना घेऊन आले. सरांनी दोघांच्याही कोटावर टी लावला. या दोघांचं एकमेकांशी बोलणं वर्षानुवर्षं फक्त फायलींतून चालायचं, हे सगळ्या कॉलेजाला माहीत.

"ऊन पडलं," सरांनी जाहीर केलं. "साहेब, गळ्यात हात घाला."

"काय?"

"शास्त्र आहे, साहेब."

प्राचार्यांनी हेडक्लार्कच्या गळ्यात हात घातले. उतरवून घेणारा आला, अडला. सगळी रांग ताटकळली. दुरुस्तीवाले चौघे भिंतीला टेकून उभे. सरांनी त्यांना डोळ्यानं दाबून ठेवलं होतं.

हेडक्लार्कना घाम फुटला. प्राचार्यांची मान अवघडली. "पुढे काय?" ते म्हणाले.

"पुढं दुरुस्तीवाला येते."

"मग बोलवा त्याला!"

"तो नाही, साहेब. या रांगेत तो जन्मालाच आला नाही."

"असं किती वेळ उभं राहायचं मग?"

सरांनी वर्गाच्या दाराकडे पाहिलं. दारात वनिता उभी होती, ओढणी कपाळापर्यंत ओढून. प्राचार्यांनीही तिकडे पाहिलं. त्यांचे हात हेडक्लार्कच्या गळ्यातच होते. ते काढायचं त्यांना सुचलं नाही.

खोली मिळाली. बाकं, बरण्या, बेडकांची पेटी आणि सांगाडा आम्हीच उचलून नेले. सांगाड्याचा डावा पाय पैलवानानं वाटेत मोडला आणि घाबरून उलटा बसवला. सरांनी एक पाऊल मागे येऊन पाहिलं, आणि "परीक्षेत विचारू," म्हणाले. छत्री धरायला पोरांनी पाळ्या लावल्या, आणि पाळी चुकली तर भांडणं होऊ लागली. वनिता बी.एस्सी. झाली, पुढे एका शाळेत शास्त्र शिकवू लागली. डॉक्टरांनी अधूनमधून तिच्या चेहऱ्यावरचं काही काही कापून काढलं. ती टिकली.

सर ऐंशीच्या दशकात गेले, निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत, ऐन थंडीत. शोकसभा कॉलेजच्या अंगणात होती. वर मांडव होता, पण मांडवाच्या कापडाच्या एका जोडात फट होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नाही. वनिता तिसऱ्या रांगेत बसली होती. ती रडत होती. डोळे पुसायला तिनं चष्मा काढला होता आणि ओढणी खांद्यावर पडली होती.

म्हातारे झालेले प्राचार्य बोलायला उभे राहिले. त्यांचं मराठी तुम्ही ऐकायला हवं होतं. "कैलासवासी प्राध्यापकमहोदयांच्या निधनाने निर्माण झालेली पोकळी..." असं संथ, तुपात तळल्यासारखं चाललं होतं. आम्ही माना खाली घालून ऐकत होतो. फटीतून आलेला उन्हाचा पट्टा दुसरी रांग ओलांडून तिसरीवर आला होता. मला तो दिसला नाही. पैलवानाला नाही. कोणालाच नाही.

प्राचार्य "ज्ञानयज्ञातील" या शब्दावर थांबले. हातातला कागद खाली पडला. आणि ध्वनिक्षेपकातून सगळ्या अंगणात त्यांचा आवाज फुटला:

"अबे, पाहून काय राहिले! पोरीच्या तोंडावर ऊन आलं ना बे, आत घ्या तिले!"