वाळत घातलेला परवाना

समोरच्या गॅलरीत दोन शर्टांच्या मधे एक कागद चिमट्याला लटकत होता. मी बघतेय हे दिसल्यावर मंगलवहिनी तो काढून घेऊन माझ्या दारात आल्या. "ह्यांच्या पॅन्टच्या खिशात धुतला गेला. सरकारी दिसतोय, वाचता का जरा?"

दारू पिण्याचा परवाना होता तो, आजन्म. कारणही छापलेलं होतं: आरोग्य राखण्यासाठी.

मी कपाळावर हात मारला. प्यायलाही परवाना लागू करा, मग लोक ताळ्यावर येतील, असं ठासून सांगणारे अधूनमधून भेटतात. त्यांना कोणी सांगावं की तो आपल्याकडे केव्हाचाच आहे, आणि तो खिशात ठेवून वहिनींचे यजमान रोज भिंत धरत जिना चढतात. स्कूटरच्या परवान्यासाठी मला साहेबासमोर आठचा आकडा काढून दाखवावा लागला होता. पाय टेकला म्हणून पहिल्या खेपेला त्याने मला नापास केलं. इथे आठचा आकडा परवाना मिळाल्यावर काढतात, तोही भर रस्त्यात, आणि नापास कोणीच होत नाही.

वाचलेलं मी वहिनींना सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि शांतपणे विचारलं, "फोटो ह्यांचा, सही ह्यांची. घरच्यांची सही कुठं घेतात हो यात?"

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.