हाऊस म्हणजे घर

लेक सकाळपासून इंग्रजीतले यमकाचे शब्द घोकते आहे: हाऊस, माऊस. ऐकून माझ्या तोंडाची चव गेली.

धडगावच्या आश्रमशाळेत आम्ही हे शब्द मराठी अर्थासकट पाठ करायचो. घरी पावरी बोलणाऱ्या आम्हाला दोन्ही भाषा परक्याच. एकदा मी फळ्यापाशी उभी राहून ठणकावून म्हणत होते, "हाऊस म्हणजे घर, माऊस म्हणजे उंदीर," तेवढ्यात दारात बाबा दिसले. नर्मदेकाठच्या आमच्या गावाहून होडीने, मग जीपने आलेले. पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखलेले.

"सर, पोरीशी बोलायचंय."

"आधी तिचं पाठांतर होऊ द्या," सर म्हणाले.

बाबा भिंतीला टेकून ऐकत राहिले, थोडं हसलेही. मला चेव चढला. मी सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

बाहेर आल्यावर त्यांनी आमच्या बोलीत विचारलं, "तो पहिला शब्द, त्याचा अर्थ काय म्हणालीस गं?"

"घर," मी ऐटीत म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "ते काल पाण्याखाली गेलं."

आता लेक विचारते आहे, "आई, हाऊस म्हणजे?"

"पुस्तकात बघ," मी तिच्यावर खेकसले.