गालातलं बिस्किट

देवरूखच्या एसटी स्टँडवर बाबा मला पोचवायला आले ते गिरण शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून. अंगभर पीठ, डाव्या गालात पान. मी इंग्लंडला म्हाताऱ्यांची सेवा करायला निघाले होते, आणि इथल्या इथे सावर्ड्याला निघालेल्या माणसाला सांगावं तसं ते म्हणाले, "पोचलीस की फोन कर गो. नाय केलास तरी मी समजेन, पोचलीस." गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून गाडी सुटायच्या आधीच परत गेले. मला इतका राग आला होता, दादा!

तुम्ही ज्याला वृद्धाश्रम म्हणता त्याला आम्ही केअर होम म्हणतो. बघ, 'आम्ही' म्हटलं. तर तिथे माझ्या वाट्याला एक म्हातारे इंग्रज नट आले. मी त्यांना मनातल्या मनात नटवर्य म्हणते. उभा जन्म नाटकं, सिनेमे, टीव्ही यांत गेला, पण हिरो एकदाही नाही. कधी हवालदार, कधी पाद्री, कधी पहिल्याच भागात मरणारा शेजारी. लोक रस्त्यात थांबवून विचारायचे म्हणे, आपण आधी कुठे भेटलोय का? नाव कुणालाच आठवायचं नाही. आता त्यांचं त्यांनाही कधीकधी आठवत नाही. पाठ केलेलं वाक्य मात्र पक्कं राहतं.

एकदा चहा देताना मी त्यांना बाबांचं ते वाक्य सांगितलं. झालं! म्हातारा उठून बसला. बाबा चालतात कसे, पायात काय घालतात, सगळं विचारलं. नक्कल करताना माणूस पायांपासून धरायचा, आवाज मागून येतो, म्हणाले. गिरणीच्या घरघरीमुळे बाबा घरातही ओरडूनच बोलतात, माया करायची तरी ओरडून, हेही मी सांगितलं. पान कुठून आणणार? त्यांनी गालात बिस्किट धरलं. अर्थ विचारून घेतला आणि वाक्य मराठीतच आठवडाभर घोकलं. मग एके दुपारी मी कोट घालून निघाले, तर मागून आलं, "पोचलीस की फोन कर गो." माझ्या हातातल्या किल्ल्या पडल्या. तेव्हापासून रोज.

बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता. मी आले नाही. तू काही बोलला नाहीस, वहिनीही नाही, आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेले. निघताना नटवर्यांनी नेहमीसारखं वाक्य म्हटलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी ते म्हणणं थांबवलं असतं.

परवा तू ती क्लिप पाठवलीस. गिरण खडखडते म्हणून फिटरला ऐकवायला तू कधीतरी आवाज रेकॉर्ड केला होतास, आणि त्यात बाबा माहेरी निघालेल्या वहिनीला तेच सांगतायत. माझ्याकडे त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज नव्हताच. व्हिडिओ कॉल लावला तरी ते फोन कानालाच धरायचे, मला कायम त्यांचा कान दिसला. मी बाथरूममध्ये जाऊन क्लिप लावली. दादा, तुला म्हणून सांगते, पहिल्यांदा मनात काय आलं? की हे चुकतंय. बाबा असं बोलत नाहीत.

दहादा ऐकली, दहाही वेळा चुकीचीच वाटली. काही कळेना, म्हणून नटवर्यांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली, पुन्हा लावायला सांगितली. हा माणूस कोण, म्हणाले. माझे वडील, म्हटलं. मग त्यांनी ती तिसऱ्यांदा लावायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी कोट चढवला. त्यांनी बिस्किट बशीत काढून ठेवलं आणि वाक्य म्हटलं. घाईघाईत, शेवट गिळून, क्लिपमधल्या बाबांसारखं, अगदी हुबेहूब.

मी म्हटलं, "तसं नको. आधीचंच म्हणा."

आणि बशीतलं बिस्किट उचलून मीच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी म्हटलं. मी 'येते' म्हणाले आणि निघाले.

घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून देवरूखच सांगते. पण तिथे आले, आणि परत निघताना स्टँडवर तू बाबांसारखं काही बोललास, तर तेही मला चुकीचंच वाटेल की काय, याची धास्ती वाटते. तरी बोल.