एका बैलाची मोट

बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मला वाटू लागलं होतं की आपलं काहीतरी चुकलं. हे मी कोणाला बोललो नव्हतो, घरात बायकोला, यमुनेलाही नाही. सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करायचो आणि उठलो की नजर जायची ती मळ्यात माना टाकलेल्या वांग्यांकडे. ज्यानं आपल्याला हाक मारली त्यानंच आपल्याला असं कोरडं का ठेवावं, हे मी त्यालाच विचारायचो. उत्तर काही येत नव्हतं.

आमचं गाव चिखलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली असतील. वडील गेल्यावर दादा आणि मी वेगळे झालो. भाजीपाल्याचा मळा अर्धा-अर्धा, विहीर सामाईक, आणि बैलजोडीतला पवळ्या दादाच्या वाट्याला, सर्ज्या माझ्या. एका बैलानं मोट ओढली जात नाही, म्हणून दोन्ही बैल एकत्र जुंपायचे आणि एक दिवस त्याच्या मळ्याला, एक दिवस माझ्या मळ्याला पाणी द्यायचं असं ठरलं. भांडण न करता आमचं हे बरेच दिवस चाललं.

मग यमुना बाळंतपणानंतर खाटेला खिळली. कोणीतरी मिशनच्या दवाखान्याचं नाव सांगितलं, तिथं तिला गाडीत घालून नेलं. तिथली एक नर्सबाई रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून येशूजवळ तिच्यासाठी मागायची, शेजारणीशी बोलावं इतकं सहज. यमुना बरी झाली. पण खरं सांगायचं तर मला ओढून नेलं ते त्या बरं होण्यानं नाही. आम्ही सांगितलं नव्हतं तरी कोणीतरी आमच्यासाठी मागत होतं, ते मनातून जाईना. पुढं बाजाराच्या दिवशी भाजी खपली की मी चिखलीतल्या पास्टरसाहेबांच्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. पापाची किंमत माणसाच्यानं फिटत नाही, ती ख्रिस्तानं वधस्तंभावर आपल्या जिवानं भरली, हे मी तिथंच ऐकलं. बाप्तिस्म्याच्या आधी ते म्हणाले, "हे फुकट हाय भाऊ, पण त्याच्या मागं चालणं फुकट नाही. घरी जाऊन इचार करून या."

"माह्यापाशी जाण्यासारखं हायच काय, साहेब?" मी म्हणालो आणि हसलो.

बाप्तिस्मा घेऊन घरी आलो त्याच संध्याकाळी दादानं गोठ्यातून पवळ्या सोडून नेला. "तुया नव्या देवाले सांग, बैल दे म्हणा," एवढंच बोलला. न्हाव्यानं माझी हजामत बंद केली. मग यमुनाच कात्री घेऊन बसायची आणि माझी दाढी अशी कापायची की गुरांनी चरलेला बांध बरा. स्वतःच केलेलं काम पाहून ती पोट धरून हसायची, आणि तिला हसताना पाहून मलाही हसू यायचं. बाजारात एक बाई दुसरीला विचारत होती, "याईची वांगी बाटली त नसतील?" दुसरी म्हणाली, "तेलात पडली का समदी सारखीच. घाल टोपल्यात."

हे सगळं सोसण्यासारखं होतं. पाण्याचे मात्र हाल होते. आम्ही नवरा-बायको विहिरीवरून घागरी वाहून वाफे ओले करायचो, पण चैत्राच्या उन्हापुढं घागर ती केवढी! दादाचंही काही बरं चाललं नव्हतं. त्यानं शेजाऱ्याचा बैल मागून आणला, पण पवळ्या त्याच्याबरोबर चालेना; सर्ज्या माझ्या गोठ्यातून हंबरला की तो मोटेच्या उतारावरच थांबून मान वळवायचा. दादाची वांगीही सुकू लागली. ते बघून मला बरं वाटायचं. उन्हात ताक प्यावं तसं गार वाटायचं. त्या रविवारी प्रार्थनेत दुसऱ्याला क्षमा करण्याचे शब्द आले आणि ते माझ्या तोंडून निघेनात. आजूबाजूचे म्हणत होते, मी नुसते ओठ हलवले.

एक-दोन दिवसांनी आमच्या विहिरीजवळ एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत एक म्हातारा आणि त्याची म्हातारी. शेगावला रामनवमी करून लोणारकडं आपल्या गावी निघालेले. त्यांच्या एका बैलाच्या पायात काटा मोडून पाय टम्म सुजला होता. म्हातारा म्हणाला, "पोरा, बैल चालेपर्यंत इथं लिंबाखाली पडतो. चालते ना?"

मी आधीच सांगून टाकलं, "बाबा, आम्ही ख्रिस्ती झालो हाओत. गावात आमच्या घरचं पाणी कोणी पीत नाही."

म्हातारी गाडीतून उतरत म्हणाली, "मंग काय झालं? आम्ही लोणारकडचे. आम्हाले इथं कोण इचारते?" आणि सरळ यमुनेकडून परात मागून भाकरी थापायला बसली.

यमुनेनं काटा काढून हळद गरम करून बांधली. म्हातारा जरा वेळ माझी घागरींची धावपळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा लंगडा बसून खाईन, ते ठीक. पण चांगला काऊन बसून खाईन? जुंप त्याले तुया मोटेले."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतो आहे. कळलं तसा सर्ज्याला आणायला धावलो. सर्ज्या आणि तो तांबडा बैल जन्मभराचे जोडीदार असावेत तसे चालले. मोट वर आली, पाणी धो-धो पाटात पडलं, आणि यमुना लेकराला कडेवर घेऊन पाटात पाय बुडवून उभी राहिली. मळा पोटभर प्याला.

दुसऱ्या दिवशी माझे वाफे भरून पाणी बाहेर वाहू लागलं. मोटेवरून म्हातारा ओरडला, "अरे, पाणी वाया चाललं! बांधाच्या तिकडं काऊन नाही सोडत?"

"तो मळा माह्या भावाचा हाय."

"मंग?"

 कुदळ हातात धरून उभा राहिलो. मनात म्हटलं, प्रभू, बैल गेला, माणसं गेली, ते मी दिलं. आता हा राग तेवढा माझ्यापाशी राहू दे. आणि हे मागणं माझं मलाच ऐकू आलं. देवाजवळ काय मागतो आहोत आपण! लाज वाटली आणि हसूही आलं. मी बांध फोडला.

दादा धावतच आला, मागून वहिनी. "कोणाले इचारून पाणी सोडलं बे? बाटलेल्याच्या हातचं पाणी नाही पाह्यजे मले!"

म्हातारा मोटेवरूनच बोलला, "ओ भाऊ, इहीर तुमच्या बापाची, बैल माहा. याच्या हातची निस्ती कुदळ हाय. कुदळ बाटली वाटत असन त तेवढी घेऊ नका."

वहिनीनं पदर तोंडाला लावला, तरी हसू लपलं नाही.  पाणी दादाच्या वांग्यांच्या बुडाशी पोचत होतं, आणि ते अडवायला त्याचा हात होईना. मग त्यानं माझ्या हातातली कुदळ हिसकली आणि स्वतःच पाणी वळवू लागला. "असं देतेत का पाणी? तुले कधी जमलंच नाही," तो म्हणाला. इतकं गोड बोलणं मी त्या साऱ्या उन्हाळ्यात ऐकलं नव्हतं.

बैलाच्या पायाची सूज उतरली तशी गाडी निघाली. देवानंच तुम्हाला पाठवलं, असं मी म्हाताऱ्याला म्हणालो, तर तो हसला. "मी म्हणन माह्या महाराजानं थांबवलं. तू तुया देवाचं म्हण. बैलाले इचारशीन त तो काट्याचं नाव घेईन." मी वाद घातला नाही. कोणाला काय वाटावं ते वाटो. मला ठाऊक आहे मी कोणाचे आभार मानतो ते.

गाडी गेल्याच्या दुसऱ्या सकाळी दादा पवळ्याला घेऊन विहिरीवर उभा होता. "बैलासाठी आलो हाव. तुयासाठी नाही," म्हणाला. मी हो म्हटलं आणि सर्ज्याला आणलं.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. दादा आमच्या घरी कधी जेवला नाही. त्याच्या घरी गेलो तरी देवघराच्या उंबऱ्याशी मी थांबतो, आणि ते सलतं. पण येशूमागं चालताना बाहेरच्यांनी माझ्याकडून जे घेतलं ते फार नव्हतं, हे आता कळतं. मी मुठीत घट्ट धरून ठेवलेला राग सोडताना जीव कासावीस झाला, आणि तोही माझ्या बळानं सुटला नाही. त्यानंच बोटं उघडली. पापाचं ओझं मला इतकं आवडत होतं, हे मला त्याआधी माहीतच नव्हतं.

पुढं पुतणीच्या लग्नात आम्हाला वेगळ्या पंगतीत बसवलं, अगदी टोकाला. वाढपी आमच्यापर्यंत येईपर्यंत उशीर होणार हे धरूनच आम्ही बसलो होतो. तेवढ्यात दादा स्वतः बुंदीचं भांडं घेऊन आला. माझ्या पानात वाढली, मी हात आडवा धरला तरी आणखी वाढली. "खा निवांत," म्हणाला आणि पुढं गेला. मी मान खाली घालून प्रभूचे आभार मानले, आणि जेवायला लागलो.