जपलेला हात

मध्य प्रदेशात, देवासला हाडांच्या डॉक्टरकडे मी दुखरा गुडघा घेऊन बसलो होतो. शेजारी तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी आईबरोबर बसली होती. खांदा दुखावल्यामुळे डॉक्टरने नुकतीच तिला वर्षभर रॅकेट धरायला बंदी केली होती. उजवा हात तिने मांडीवर असा ठेवला होता, जणू तो कोणी सांभाळायला दिलाय. पाण्याच्या बाटलीचं झाकणही आईच उघडून देत होती.

"इतकीशी होती तेव्हापासून फक्त बॅडमिंटन," आई मला सांगत होती. "सायकल नाही, पतंग नाही, पोळीसुद्धा लाटू दिली नाही, भिया. हाताला काही झालं तर?"

हात सगळ्यापासून जपला होता. ज्या खेळाने खांदा गेला, तेवढा सोडून. मला संताप आला, पण परक्या बाईला काय बोलणार?

आई औषधं आणायला उठली. पोरीला धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "चला, आता वर्षभर मजा!"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. मग हळूच विचारलं, "काका, बाकीचे बच्चे शाळेनंतर शामच्या वेळेला काय करतात?"

मी हसलो. ती हसली नाही. उत्तराची वाट बघत राहिली.