निकालाचा पहिला पेढा

आर्वीत इंटरनेट आणलं ते प्रभाकररावांनी, आणि हे ते कुणाला विसरूही द्यायचे नाहीत. एसटी स्टँडसमोर त्यांचं सायबर कॅफे. बारावीचा निकाल लागला की पोरं तिकडेच धावत. तिथे एक प्रथाच पडून गेली होती: निकाल वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडात पहिला पेढा, देवाला त्यानंतर. त्या पेढ्यांवर प्रभाकरराव वर्षभर फुगून असायचे.

मग २००६ साली रस्त्यापलीकडे नीलेशने कॅफे टाकलं, छतावर डिश अँटेनाची मोठी छत्री बसवली, आणि प्रभाकररावांच्या पोटात दुखायला लागलं. पोरगा येता-जाता हसून नमस्कार करायचा. तेही त्यांना सलायचं.

त्या वर्षी खुद्द त्यांच्या आचलचाच निकाल होता. पेढ्यांचा डबा सकाळपासून काउंटरवर तयार. लेकीच्या हातचा पहिला पेढा आपलाच, हे त्यांनी बायकोला ऐकवून ऐकवून तिचे कान किटवले होते.

पण साइट उघडेना. सगळ्या कॉम्प्युटरचे पडदे पांढरे. समोर नीलेशकडे मात्र टाळ्या पडत होत्या. एकेक पोरगं रस्ता ओलांडू लागलं.

"कोणाले तरी हाताशी धरलं असन यानं," प्रभाकरराव पुटपुटले.

तेवढ्यात नीलेशच दारात आला. "काका, ते साइट एका कॉम्प्युटरवर नाई चालत. गर्दी वाटून देते. ज्याची लाइन जिथून निघते, त्याले तिथल्या जवळच्या कॉम्प्युटरकडे धाडते. आपल्या इकडची सारी झुंबड मुंबईवर पडून राह्यली. माह्या छत्रीची लाइन बंगलोरातून निघते, तिकडचा रिकामा आहे. आचलचा नंबर द्या, पाहून देतो."

"काई गरज नाई. माह्यं सुरूच होऊन राह्यलं."

नीलेश गेला. प्रभाकररावांनी पुन्हा बटण दाबलं. पडदा पांढराच.

शेजारच्या खुर्चीवर बसलेली आचल उठली. तिने डबा उचलला आणि ती पलीकडे गेली. काचेतून त्यांना सगळं दिसलं. नीलेशने पडद्यावर बोट ठेवलं, आचलने उडी मारली, डबा उघडला.

ती धावतच परत आली. "बाबा, एक्याऐंशी टक्के!" दुसरा पेढा तिने त्यांच्या तोंडापुढे धरला.

प्रभाकररावांची नजर अजून रस्त्यापलीकडेच होती.

"त्यानं अख्खा खाल्ला?" त्यांनी विचारलं.

आचलचा हात खाली आला. पेढा तिने डब्यात परत ठेवला, झाकण लावलं आणि ती घरी आईकडे निघून गेली.