भावजींचा पाइप

आमच्या भावजींना नुसता पाना पुरत नाही. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवून त्यावर सगळं अंग टाकल्याशिवाय बोल्ट बसला असं त्यांना वाटतच नाही. "माझ्या हातचा नट सुटला तर मिशी उतरवीन," असं गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगतात. सुटायला आधी बसायला नको? आतले आटेच उरत नाहीत. शी! यांनी बिघडवायचं आणि मी निस्तरायचं.

आमच्या घरच्या गॅरेजमधलं कोपऱ्यातलं बाकडं माझं. गेलेले आटे ड्रिलने साफ करायचे, टॅपने नवे पाडायचे, आत तारेची स्प्रिंग बसवायची, म्हणजे बोल्ट तिच्यात धरतो. हे काम मी माहेरून शिकून आले. मी काही बोलले की नवऱ्याचं ठरलेलं, "दादा मोठा आहे, जाऊ दे."

परवा पाववाल्या ताईंची तीनचाकी आली. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर चालतं ते या गाडीवर. इंजिनात स्पार्क प्लग बसतो त्या भोकाचे आटे साफ झालेले. कोणी केले, हे काय विचारायचं? इंजिनाचं हे हेड, म्हणजे वरचं झाकण, आता कुठे मिळत नाही आणि भोकाभोवती धातू उरला होता नखाएवढा. या खेपेनंतर पुन्हा आटे पाडायला जागाच उरणार नव्हती. टॅपला ग्रीस लावून, जरा पुढे, जरा मागे करत मी आटे पाडले आणि आत स्प्रिंग बसवली. प्लग बोटांनी फिरवला तर लोण्यात गेल्यासारखा गेला.

"भावजी, बोटांनी बसवा, वर पान्याने अगदी जरासा. पाइप नको," असं दोनदा बजावून मी हात धुवायला गेले.

परत येते तर भावजी हात पुसतायत आणि ताई पावाचे ट्रे गाडीत चढवतायत. प्लगच्या कडेने पिवळट गम बाहेर आला होता. मी प्लग हलवला. तो माझ्या स्प्रिंगसकट हातात आला.

"पाइप घातलात?"

"एकच पीळ दिला हो. ढिला वाटला. चिकटवलाय ना, वाळला की दगड होईल!"

मला किळस आली. हातून चूक होते, मान्य. पण सीटखाली इंजिन असलेल्या गाडीत गम लावून त्या बाईला रस्त्यावर पाठवत होते हे! तापल्यावर प्लग उडाला असता म्हणजे?

नवरा कानाशी लागला, "गिऱ्हाइकासमोर नको. दादा मोठा..."

त्याचीही किळस आली.

"ताई, गाडी निघणार नाही," मी मोठ्याने म्हटलं. "हेड गेलं. यांनी घालवलं, आणि तुमच्यापासून लपवलं."

ताई भांडल्या नाहीत. एकेक ट्रे उतरवून फुटपाथवर ठेवू लागल्या. पाव अजून गरम होते. भावजी लगबगीने पुढे झाले, "द्या, द्या, मी उतरवतो."

"हात लावू नका," ताई म्हणाल्या. "हे लोकांच्या तोंडात जातं."